थांब, पुन्हा

“आज तू देवांगला सतरा वेळा थांबवलंस,” प्रीता म्हणाली. “मी मोजलं. मला एकदाही नाही.”

ऑपेराची तालीम संपवून चर्चच्या बाजूच्या दारापाशी दोघी प्रीताच्या व्हॅनची वाट बघत होत्या. फेब्रुवारीतला शनिवार, दुपारचे तीन, आणि मिशिगनमधल्या ॲन आर्बरवर ते पांढुरकं आभाळ, ज्याच्याखाली सकाळ आहे की संध्याकाळ तेच कळत नाही. आश्लेषाला आधी वाटलं, ही देवांगची कड घेतेय. “अगं, तो आठवडाभर ऑफिसात कोड लिहितो आणि शनिवारी निम्मे उच्चार विसरून येतो,” ती हसत म्हणाली. “त्याला थांबवावंच लागतं.” प्रीता हसली नाही. हातमोज्यातल्या बोटांनी तिने आपल्या चाकांच्या स्वयंचलित खुर्चीचा छोटा दांडा उगाच पुढेमागे केला, खुर्ची इंचभर सरकली आणि परत आली. ती न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरमध्ये जन्मलेली, वाढलेली. एरवी इंग्रजीतच बोलायची. पण काही गंभीर सांगायचं असलं की मुद्दाम मराठीत यायची, बाकीची माणसं अशा वेळी उठून उभी राहतात तशी. “रूथला पण थांबवलंस. रूथ बहात्तर वर्षांची आहे आणि ती नुसती पियानो वाजवते. कोरसला थांबवलंस. सहा आठवडे झाले, मावशी. सगळ्यांच्या स्कोअरच्या कागदांवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. माझा क्लीन आहे. आयदर मी परफेक्ट आहे, ऑर—” एवढ्यात व्हॅन आली. ड्रायव्हरने फळी खाली सोडली, खुर्ची आत गेली, चाकांना पट्टे बसले, आणि ते “ऑर” तिथेच दारात राहिलं.

दार लावून बसथांब्याकडे चालताना आश्लेषाला पहिल्यांदा राग आला. तो आला याचं बरंही वाटलं, कारण राग असेपर्यंत दुसरं काही यायला जागा नव्हती. ज्या मुलीला दोन ठिकाणी ऑडिशनच्या खोलीपर्यंत पोचताच आलं नाही, कारण खोली जिन्यावर होती, तिला मी मुख्य भूमिका दिली, आणि ही सतरा मोजत बसते. नऊ वर्षं झाली होती आश्लेषाने काढलेल्या या ऑपेरा कंपनीला. नाव ‘उंबरा ऑपेरा’. अमेरिकन लोकांना वाटायचं हा लॅटिन शब्द आहे, सावली अशा अर्थाचा, आणि ते मान डोलावून म्हणायचे, किती सुंदर. आश्लेषा कधी खुलासा करत नसे. खुलासा मागितला तो एकट्या प्रीतानेच, पहिल्या भेटीत. “उंबरा म्हणजे डोअरसिल ना? मावशी, माझी खुर्ची जगात सगळ्यात जास्त कशाला अडते माहितीये?” दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या. या उंबऱ्याच्या आत एक शाळामास्तर होता, बोलताना अडखळायचा आणि गाताना अडखळत नसे. लोरेन नावाची एक ट्रान्स बाई होती; तिच्या खोल आवाजाला बाईची भूमिका कुणी देत नव्हतं. देवांगसारखे व्हिसावरचे लोक होते, सोमवार ते शुक्रवार जे कुणालाच सांगत नसत की आपण गातो. नियम दोनच. दारातून कुणाला परत पाठवायचं नाही. आणि भूमिका गळ्यावर ठरणार, बाकी कशावर नाही. दुसरा नियम ती पहिल्या वर्षी इतक्या वेळा म्हणाली होती की पुढे म्हणायची गरजच उरली नाही.

बस आली. आत ओल्या कोटांचा वास होता. खिडकीशी बसून तिने ऑडिशनचा दिवस आठवायला घेतला, म्हणजे आपण हिला गळ्यावरच घेतलं याचा पुरावाच शोधायला घेतला. दोन वर्षांपूर्वीचा मार्च. प्रीता नुकतीच इथल्या एका संशोधनसंस्थेत नोकरीला लागलेली. तिच्या आईचा, अहिल्याताईंचा, आधीच फोन येऊन गेला होता. आश्लेषाची आणि त्यांची न्यू जर्सीच्या एका मराठी संमेलनातली जुनी ओळख. “तुझ्या गावात येतेय म्हणून मी निर्धास्त आहे. तिला गाण्याची आवड आहे. फक्त तिला कुणी काही बोललेलं मला सहन होत नाही गं.” आश्लेषा म्हणाली होती, तुम्ही काळजीच करू नका. मग प्रीता आली. खुर्चीच्या चाकांना चिकटलेला बर्फ चर्चच्या लाकडी फरशीवर वितळत गेला आणि दारापासून पियानोपर्यंत पाण्याच्या दोन समांतर रेघा उमटल्या, त्या आश्लेषाला लख्ख दिसत होत्या. प्रीताचा मोरपंखी मफलर दिसत होता. रूथने चष्मा कपाळावर चढवला तो दिसत होता. स्वतःच्या छातीत काहीतरी उबदार पसरत गेलं तेही आठवत होतं, ‘हिच्यासाठीच तर आपण हे दार उघडलं होतं’ असं काहीतरी. मग प्रीता गायली. आणि तिथून पुढे आठवणीत काहीच नव्हतं. आवाजच नव्हता. तोंड उघडलेलं दिसत होतं, रूथची बोटं हलताना दिसत होती. तिने डोळे मिटून पुन्हा प्रयत्न केला. पाण्याच्या रेघा, मफलर, चष्मा, ऊब. आपण तिचं गाणं ऐकलंच नव्हतं की काय?

फोनवर आजच्या तालमीचं रेकॉर्डिंग होतं. प्रत्येक तालीम ती रेकॉर्ड करायची आणि बाकीच्यांचे भाग घरी पुन्हा ऐकायची. प्रीताचा भाग मात्र ती पुढे सरकवायची. आज प्रथमच तिच्या ध्यानात आलं की आपण तो दर वेळी पुढे सरकवतो. तिने एका कानात इयरफोन घातला. ऑपेरा नवा होता, इथल्याच एका संगीतकाराने लिहिलेला, ह्युरॉन सरोवराच्या काठी दीपगृह सांभाळणाऱ्या बाईचा. तिचा भाऊ वादळात होडी घेऊन गेलाय आणि ती वरून त्या होडीला नावाने हाक मारते. एकच हाक, अकरा आवर्तनं लांब. रूथ त्यांना बार म्हणायची, पण आश्लेषाच्या मनात ती आवर्तनंच असायची. अकरा आवर्तनं एका श्वासात, कारण मध्ये श्वास घेतला तर ती हाक राहत नाही, वाक्य होतं. बसमधल्या घरघरीत प्रीताचा आवाज आला. मध्यम सप्तकात तो गडद होता, मधाच्या तळासारखा, आणि आश्लेषाला वाटलं, अरे, हा असा आहे तर. सुटकेचा श्वास सोडते न सोडते तोच सातव्या आवर्तनात हाक तुटली. घाईचा, उथळ श्वास. मग आठव्यापासून सूर हळूहळू खाली उतरत गेला, अकराव्याला तर चक्क बेसूर. आणि त्यावर लगेच स्वतःचा आवाज, गोड, जरासा उंच पट्टीतला, मुलांशी बोलतात तसा: “लव्हली, प्रीता. पुढे जाऊ या.”

तिने इयरफोन काढला. तो स्वर तिच्या ओळखीचा होता. स्वतःचा म्हणून नव्हे, मिसेस हॅलोरनचा म्हणून.

सव्विसाव्या वर्षी ती नवऱ्याच्या, संजयच्या, व्हिसावर इथे आली तेव्हा तिला नोकरी करता येत नव्हती. नागपूरला धंतोलीत काळेबाईंकडे ती अकरा वर्षं गाणं शिकली होती. काळेबाई महिनाभर नुसता सा लावायला लावत. ती सा लावायची आणि बाई पानाचा विडा जुळवता जुळवता, वर न बघता म्हणायच्या, “थांब. पुन्हा.” एवढंच. तिला त्या बाईंचा मनापासून राग यायचा. घरी जाताना सायकलवर ती मोठमोठ्याने त्यांची नक्कल करायची. इथे आल्यावर एकदा एका चर्चमध्ये तिने ऑपेरातलं गाणं ऐकलं. माइक नाही, काही नाही, एक बाई नुसत्या छातीच्या जोरावर सगळी इमारत भरून टाकत होती. त्याच आठवड्यात आश्लेषा मिसेस हॅलोरनच्या घरी शिकायला जायला लागली. पाच वर्षं गेली. मिसेस हॅलोरनच्या हॉलमध्ये गालिचा होता, मांजर होतं, दालचिनीचा वास होता आणि “लव्हली, डियर” होतं. तिच्या आधीच्या तासाला एक ओहायोची मुलगी असायची, ती बहुतेकदा रडवेल्या चेहऱ्याने बाहेर पडायची, तिच्या कागदांवर लाल खुणांचा नुसता सडा. आश्लेषाचा कागद कोरा. तिला वाटायचं आपण त्या मुलीपेक्षा सरस आहोत. चौतिसाव्या वर्षी डेट्रॉइटला एका ऑडिशनमध्ये कुणा अनोळखी माणसाने दोन मिनिटांत तिला थांबवलं आणि विचारलं, तुम्ही प्रत्येक स्वरावर घसरत का जाता? थेट का उतरत नाही? तुम्हाला हे आजवर कुणी सांगितलं नाही? कुणी सांगितलं नव्हतं. तिची मींड, नागपूरहून आणलेली, मिसेस हॅलोरनला पाच वर्षं ऐकू येत होती, आणि ती चांगली बाई मनात म्हणत असणार, परदेशातली मुलगी आहे, एवढं येतंय तेच खूप आहे. ओहायोच्या मुलीकडून तिला काहीतरी हवं होतं. आश्लेषाकडून काही नको होतं. त्या दिवशी डेट्रॉइटहून परत येताना तिला काळेबाईंची आठवण आली होती आणि हायवेच्या कडेला गाडी थांबवून ती रडली होती. घसरण्याची सवय सुटायला मग चार वर्षं लागली. तोवर आवाजाचं वय निघून गेलं होतं.

तिचा थांबा मागे गेला होता. ती पुढच्या थांब्यावर उतरली आणि बर्फातून परत फिरून चालत घरी आली.

संजय स्वयंपाकघरात पोह्यांसाठी कांदा चिरत होता. तिने कोटही न काढता त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत होता, नाक ओढत होता. “मग सांग ना तिला,” तो म्हणाला. “मला तर आमटीत मीठ चिमूटभर जास्त झालं तरी लगेच सांगतेस.”

“तुझी गोष्ट वेगळी.”

“का? मी चालतो म्हणून?”

तिने कोटाच्या गुंड्या सोडायला घेतल्या. संजयला आपण काय बोललो ते बोलल्यावर कळलं असावं; त्याने सुरी खाली ठेवली. “प्रयोगाला तीन आठवडे राहिलेत,” ती म्हणाली. “आता सांगितलं आणि ती मोडली तर? सोडून गेली तर? पोस्टरवर तिचा फोटो आहे, संजय. लोक तिच्यासाठी येणार आहेत.” हे बोलताना तिला पोस्टर दिसलं. लायब्ररीत, बेकरीच्या काचेवर, बसथांब्यावर सगळीकडे लावलेलं. रंगमंचाच्या मधोमध प्रीता, पाठ ताठ, चाकांवरून जमिनीपर्यंत उतरलेला पांढरा झगा, मागून प्रकाश. जणू तीच दीपगृह. ही कल्पना आश्लेषाची स्वतःची. ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्यांनी वाखाणलेली. “आणि अहिल्याताईंना काय सांगू?” ती म्हणाली. संजय पुन्हा कांद्याकडे वळला. “तू प्रीताला शिकवतेस की अहिल्याताईंना?” तो म्हणाला. “सवाल तिने विचारलाय ना? आईने नाही.”

रविवारी सकाळी तिने प्रीताच्या भागाची आपली प्रत समोर घेतली आणि रेकॉर्डिंग लावलं. पुढे न सरकवता. चहा निवला. लाल पेन्सिल हातात जड वाटत होती, पहिली खूण करताना हात खरंच थांबला; मग दुसरी केली, तिसरी केली, आणि दहाबारा खुणांनंतर तिच्या लक्षात आलं की आपल्याला मजा येतेय. हा आवाज तिला ऐकू येत होता. इथे व्यंजन गिळलंय. इथे सूर खालून पकडलाय. इथे मात्र काय सुंदर, इथे हिला स्वतःलाही माहीत नसेल की तिने काय केलंय. कुठे चुकतं ते कळल्याशिवाय कुठे साधतं तेही कळत नव्हतं, आणि सहा आठवडे तिला यांतलं काहीच कळलं नव्हतं. एखादं माणूस आपल्या घरी राहून गेलं आणि आपण त्याला नावाने हाकच मारली नाही, तशी शरम तिला वाटली. पण शरमेच्या आत कुठेतरी उत्सुकताही होती.

दुपारी चर्चच्या हॉलमध्ये चौघंच होती. रूथ पियानोपाशी, देवांग खुर्च्या मांडत होता, प्रीता मधोमध, तिच्या ठरलेल्या जागी. कालचं कुणी काही बोललं नाही. रूथने सुरुवात केली. तिसऱ्याच ओळीत आश्लेषा म्हणाली, “थांब.”

रूथची बोटं पट्ट्यांवरून उचलली गेली. देवांगच्या हातातली घडीची खुर्ची अर्धी उघडलेली तशीच राहिली. “‘लाइट’मधला शेवटचा ट ऐकू येत नाही,” आश्लेषा म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला फार मोठा वाटला. “पुन्हा.” प्रीताने मान हलवली आणि पुन्हा घेतलं. दोन ओळींनी आश्लेषा परत म्हणाली, “थांब. सूर खालून घेतेस. वरून ये.” पुन्हा. “थांब.” पुन्हा. पाचव्या वेळी प्रीताच्या गळ्यापासून कानापर्यंत लाली चढली. मागितलं हिनेच होतं, पण मागितलेली गोष्टही लागायची तिथे लागतेच. आश्लेषाच्या जिभेच्या टोकावर ते गोड शब्द तयार होते, फक्त सोडायचे होते, की सगळ्यांचे खांदे सैल झाले असते, तिचेसुद्धा. तिने पेन्सिल घट्ट धरली. अशा रीतीने ते हाकेपर्यंत पोचले. सातव्या आवर्तनात हाक तुटली.

“थांब. इथे श्वास का घेतेस?”

“कारण हवा संपते,” प्रीता म्हणाली. इंग्रजीत, तुटक.

“का संपते?”

प्रीताने तिच्याकडे असं पाहिलं की जणू हा प्रश्न तिला आयुष्यात कुणी विचारलाच नसावा. जन्मापासून तिचे पाय चालत नव्हते आणि पाठ फार वेळ आपणहून ताठ राहत नसे. त्यासाठी खुर्चीचा एक रुंद पट्टा तिच्या छातीखालून जायचा. डॉक्टरांना ते ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं, बाकी सगळे मन मोठं करून तिकडे बघणं टाळत. “घरी नाही संपत,” ती हळूच म्हणाली.

“घरी कशी गातेस?”

“किचनमध्ये. पट्टा काढते आणि काउंटरवर अशी एल्बोज टेकते.” तिने पुढे वाकून दाखवायचा प्रयत्न केला, पट्ट्याने तिला मागे ओढलं. “असं केलं की इथे मागे, पाठीत जागा होते. तिथे हवा जाते.”

“मग इथे तसं का नाही केलंस?”

“मावशी, तूच सांगितलंस ना! मधोमध, ताठ, हलायचं नाही. यू सेड आय लुक लाइक अ लाइटहाउस.”

आश्लेषाला पोस्टर दिसलं, आणि त्या पोस्टरमध्ये खुर्ची कुठेच दिसत नाही हेही आत्ता दिसलं. तिने आपल्या हाताने ती झग्याखाली झाकली होती. तो ताठ पांढरा मनोरा तिला फार आवडला होता, इतका की त्याच्या आत एक बाई श्वास घेतेय याचा तिला विसर पडला होता. “देवांग,” ती म्हणाली, “चर्चच्या किचनमधलं ते लाकडी टेबल आणतोस का रे?”

“आश्लेषाताई, ते जाम जड आहे,” देवांग म्हणाला, आणि गेला, आणि टेबल फरफटवत घेऊन आला. प्रीताने पट्टा सोडला. खुर्ची टेबलापाशी नेली, कोपरं टेकली, वजन पुढे टाकलं. पाठीला बाक आला. चेहरा अर्धा खाली गेला, केस पुढे आले. दीपगृह वगैरे काही राहिलं नाही. कुणीतरी दमलेली बाई खिडकीच्या कट्ट्यावर ओणवून बाहेर बघतेय एवढंच राहिलं. रूथने स्वर दिला. हाक निघाली. सातवं आवर्तन गेलं, आठवं गेलं, आणि आश्लेषाच्या अंगावर काटा आला, कारण पहिल्यांदाच त्या हाकेला पलीकडे कुणीतरी हवं होतं. नवव्याला सूर थरथरला. दहाव्याच्या तोंडावर श्वास संपला.

“पुन्हा,” आश्लेषा म्हणाली.

पुन्हा नवव्यालाच. पुन्हा. चौथ्या वेळी आठव्यालाच तुटली. “आय नीड फाइव्ह मिनिट्स,” प्रीता म्हणाली, पट्टा लावला आणि कुणाकडे न बघता बाजूच्या दाराने बाहेर गेली. दारावरचं स्वयंचलित बटण दाबल्याचा आवाज आला, मग गार हवा आत आली. देवांग म्हणाला, “ताई, जाऊ का मी बघायला?” रूथ, जी सहसा काही बोलत नसे, ती म्हणाली, “नो. लेट हर बी अँग्री.” आश्लेषा खाली बसली. गेली, तिला वाटलं. आता ती आईला फोन करेल, आई मला करेल. काळेबाईंना असं व्हायचं का? विडा जुळवणारे त्यांचे हात तिला आठवले आणि प्रथमच वाटलं की त्या वर बघत नसत ते कदाचित बघवत नसेल म्हणून. मुलगी परत येईल की नाही हे त्यांनाही दर वेळी ठाऊक नसणार.

पाचाची बारा मिनिटं झाली. प्रीता आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि पापण्यांवर बर्फ होता. ती टेबलापर्यंत गेली नाही, सरळ आश्लेषासमोर येऊन थांबली. “एक खरं सांग,” मराठीत म्हणाली. “तीन आठवड्यांत हे जमलं नाही, तर हा रोल तू दुसऱ्या कोणाला देशील?”

लोरेनचा आवाज आश्लेषाच्या मनात येऊन गेला. लोरेनला ही सगळी भूमिका पाठ होती. पोस्टर येऊन गेलं, अहिल्याताई येऊन गेल्या. या प्रश्नाला दयाळू उत्तरं पुष्कळ होती आणि ती सगळी ओळीने समोर उभी राहिली. “संगीतकाराला विचारून ती ओळ आधी खालच्या पट्टीत आणून बघीन,” ती सावकाश म्हणाली. “तेही नाही जमलं, तर हो. देईन.”

प्रीताने नाकातून एक लांब श्वास सोडला, मफलर काढून टेबलावर टाकला, पट्ट्याची क्लिप सोडली. “ओके,” ती म्हणाली. “यार, काय थंडी आहे बाहेर. रूथ, फ्रॉम द बिगिनिंग, प्लीज.”

त्यानंतरचे तीन आठवडे सोपे गेले नाहीत. दोघी दोनदा भांडल्या. एकदा तर प्रीताने स्कोअर जमिनीवर टाकला आणि उचलून द्यायला कुणी धावलं तेव्हा त्याच्यावरच ओरडली. पांढरा झगा रद्द झाला, त्याच्या जागी एक जुना लोकरी कोट आला आणि खुर्ची स्वच्छ दिसायला लागली. पोस्टर बदलायला वेळ नव्हता, ते तसंच खोटं राहिलं. दुसऱ्या आठवड्यात हाक दहाव्या आवर्तनापर्यंत गेली. शनिवारच्या पहिल्या प्रयोगात प्रीताने दहाव्याच्या शेवटी एक बारीक श्वास चोरला. प्रेक्षकांत कुणाला कळला नाही. टाळ्या मनापासून वाजल्या. पडद्यामागे आश्लेषा काही म्हणायच्या आतच ती म्हणाली, “माहितीये, माहितीये. उद्या.”

रविवारी दुपारी तीनचा प्रयोग. अहिल्याताई आणि त्यांचे यजमान न्यू जर्सीहून गाडीने, दहा तासांच्या वाटेवर, आदल्या दिवशी सकाळी निघाले होते, वाटेत मुक्काम करून, बर्फामुळे उशीर होत होत, पहिल्या घंटेला पोचले. अहिल्याताई पहिल्या रांगेत बसल्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. आश्लेषा बाजूच्या दाराशी उभी होती, तिथून तिला रंगमंचही दिसत होता आणि अहिल्याताईंचे हातही. दिवे मंद झाले. भावाच्या भूमिकेतला देवांग होडी घेऊन निघून गेला, त्याचे उच्चार आज सगळे जागेवर होते. प्रीता टेबलापाशी आली आणि ओणवली. कोपरं टेकताना लाकूड जरासं करकरलं. हाक निघाली. आश्लेषाने मोजायचं नाही असं ठरवलं होतं आणि ती मोजत होती. सहा. सात. आवाज गडद, स्थिर. आठ. नऊ, आणि नवव्यात तो पसरायला लागला, मागच्या भिंतीपर्यंत, माइक नाही, काही नाही. दहा. दहाच्या पुढे एक क्षण काहीच घडलं नाही, म्हणजे श्वास घेतला गेला नाही, सूर नुसता चालू राहिला, बारीक होत, पण सरळ, एखादा माणूस काठावरून डोळ्यांवर हात धरून अजून बघतोय, अजून दिसतंय, तसा. अकरा. मग शांतता, आणि तीही सुरात. रूथ पियानोवर पुढचा स्वर द्यायला अर्धा क्षण विसरली.

नंतर हॉलमध्ये कॉफी आणि गर्दी. लोरेन रडत होती, शाळामास्तर भेटेल त्याला मिठी मारत होता. अहिल्याताई गर्दी पांगेपर्यंत थांबल्या आणि मग लेकीपाशी आल्या. प्रीता वर बघत होती. आश्लेषा दोन पावलांवर होती, हातात कपांचा ट्रे. तिला वाटलं आता त्या मुलीला कवटाळतील, माझं बाळ म्हणतील, किती सहन केलंस म्हणतील, मग माझ्याकडे वळतील. अहिल्याताईंनी लेकीचे केस कपाळावरून मागे सारले.

“ते छान झालं गं, हाक मारतेस ते,” त्या म्हणाल्या. त्यांनी पर्सचा चाप एकदा उघडून मिटवला. “पण नंतर, तो नावाडी चिठ्ठी घेऊन येतो ना, तेव्हा तू काय म्हणालीस ते मला काही म्हणता काही कळलं नाही. शब्द पुसट येत होते.”

प्रीताचं तोंड उघडं राहिलं. तिने आईकडे पाहिलं, मग आश्लेषाकडे, मग परत आईकडे. मग खुर्ची वळवून आईच्या अगदी गुडघ्यांपाशी आणली. “कुठले शब्द, आई?” ती म्हणाली. “मी परत म्हणते. जिथे कळणार नाही तिथे मला थांबव.”

आश्लेषाने ट्रे खिडकीत ठेवला, अहिल्याताईंसाठी एक खुर्ची ओढून आणली आणि कप विसळायला आत गेली.